वेबसाइटवर फोटो दिसत नाहीत? आधी हे तपासा

मागच्या व्हिडिओत आपण दुकानाचं साधं वेब पेज बनवलं. त्यानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच, "सर, पेज उघडतंय, पण फोटोच्या जागी रिकामा चौकोन येतोय."

तो चौकोन मला चांगलाच माहितीये. आपल्या काष्टीत शनिवारी जनावरांचा बाजार भरतो, आणि माझं दुकान बैलांच्या साजाचं: झुली, घुंगरमाळा, गोंडे, कासरे. पोळ्याच्या तोंडावर पहिल्यांदा पेज टाकलं, लिंक सगळ्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवली. दोन दिवस एकही ऑर्डर नाही. तिसऱ्या दिवशी बारामतीकडच्या जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "दादा, नुसती नावंच दिसतायत. झूल बघितल्याशिवाय पैसे कसे पाठवू?"

मी कॉम्प्युटरवर बघितलं तर सगळे फोटो एकदम व्यवस्थित! घोळ असा होता, की मी माझ्या डेस्कटॉपवरची फाइल उघडून बघत होतो. कोडमध्ये फोटोचा पत्ता माझ्याच सी ड्राइव्हचा. गिऱ्हाइकाचा मोबाइल माझ्या सी ड्राइव्हमध्ये कसा शिरणार? पेजसोबत फोटो कधी जात नाही. पेजमध्ये फक्त फोटोचा पत्ता असतो, आणि ब्राउजर त्या पत्त्यावर जाऊन फोटो आणतो. नाही सापडला तर चौकोन, आणि आपण 'ऑल्ट'मध्ये लिहिलेलं नाव.

म्हणून पहिलं काम हे करा. चौकोनावर राइट क्लिक करून फोटो नव्या टॅबमध्ये उघडा. तिथे '४०४' आलं, तर पत्ता किंवा नाव चुकलंय. '४०३' आलं, तर फाइल जागेवर आहे पण सर्व्हर ती बघू देत नाही; तेव्हा होस्टिंगवाल्याला फोन लावा.

नावाच्या चुकीत सगळ्यात जास्त लोक अडकतात. विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल अक्षर सारखंच. पण बहुतेक होस्टिंग लिनक्सवर चालतं, आणि त्याला ती दोन वेगळी नावं वाटतात. कॅमेरा फाइलच्या शेवटी कॅपिटलमध्ये 'जेपीजी' लावतो, आपण कोडमध्ये स्मॉल लिहितो. घरी फोटो दिसतो, वेबसाइटवर गायब! फाइलचं नाव कायम स्मॉल इंग्रजी अक्षरात ठेवा, मधे स्पेस देऊ नका.

दुसरी भानगड आयफोनची. २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ आल्यापासून, आयफोन फोटो 'एचईआयसी' प्रकारात ठेवतो. क्रोम तो दाखवत नाही. आणि नुसतं फाइलचं नाव बदलून जेपीजी केलं तर काही होत नाही, आतला माल तोच राहतो. फोटो जेपीजीमध्ये कन्व्हर्टच करावा लागतो. किंवा आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'फॉरमॅट्स'ला जाऊन 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा, म्हणजे पुढचे फोटो जेपीजीच येतील.

नव्या टॅबमध्ये फोटो दिसतो, पण पेजवर नाही? मग लिंक बघा. पेज एचटीटीपीएसवर आणि फोटोची लिंक जुनी एचटीटीपीची असेल, तर क्रोम आधी स्वतःच ती एचटीटीपीएस करून बघतो. तिथे फोटो मिळाला नाही तर दाखवत नाही. दुसऱ्याच्या वेबसाइटवरून फोटोची लिंक उचलली असेल तर ते लोकही बाहेर दाखवायला बंदी घालतात. (तसं करूच नका, फोटो आपल्या मालाचाच टाका.) आणि जाहिरात अडवणारं एक्स्टेन्शन 'ॲड' किंवा 'बॅनर' असं नाव बघून आपला चांगला फोटोही अडवू शकतं.

दुरुस्ती झाली की जुनं पेज कॅशमधून दिसू शकतं, म्हणून इन्कॉग्निटोमध्ये उघडा. त्यानंतर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर, वायफाय बंद करून. मी आता प्रत्येक बदलानंतर आईच्या फोनवर बघतो, मगच लिंक ग्रुपवर टाकतो.