काढले की सोडले?



बेकारभत्त्याची गोष्ट निघाली की 'किती मिळतो?' असे आपण आधी विचारतो. मला वाटते, कामगाराला काढले की त्याने काम सोडले, हे आधी पाहावे. इंग्लंडात 1911 साली बेकारीचा विमा आला, तेव्हाही सबळ कारणावाचून नोकरी सोडणाऱ्याचा भत्ता सहा आठवडे अडवीत.

आपल्याकडे 1953 साली औद्योगिक कलह कायद्यात कपातीची भरपाई आली: एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पुऱ्या केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. नोव्हेंबर 2025 मध्ये तो कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता अमलात आली. पंधरा दिवसांचे माप तिच्यातही आहे. रोज चारशे रुपये पडणाऱ्या माणसाचे आठ वर्षांचे अठ्ठेचाळीस हजार होतात. म्हणूनच कचेरीत बोलावून गोड आवाजात सांगतात, "राजीनामा लिहून दे, हिशेब लवकर करून देतो." सही झाली की ही रक्कम गेली. पाच वर्षे भरली असतील तर ग्रॅच्युइटी मात्र राजीनाम्यानंतरही मिळते. साहेब तीच मोठ्या उपकाराने हाती ठेवतात! सही जबरदस्तीने घेतली असेल तर त्याच दिवशी तशी लेखी तक्रार रजिस्टर पोस्टाने धाडावी. महिन्यानंतर कोण ऐकतो?

पुण्यामुंबईकडच्या कारखान्यांत गेलेल्या आपल्या मुलांचा पगारातून राज्य विमा कापला जातो. त्यांच्यासाठी 2018 साली अटल विमित व्यक्ती कल्याण योजना निघाली. 2020 मध्ये तिचा दर सरासरी रोजाच्या पंचवीस टक्क्यांवरून पन्नास टक्के झाला, तोही नव्वद दिवसांपुरता आणि आयुष्यात एकदाच. आधीची दोन वर्षे विमा हवा. गैरवर्तनाने काढलेला, वयाने किंवा स्वेच्छेने निवृत्त झालेला तिच्यात बसत नाही. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवीत आले आहेत, तेव्हा अर्जापूर्वी विमा कचेरीत चौकशी करावी.

आता आपल्या महागावाकडे, म्हणजे कापूस आणि उसाकडे येऊ. राज्य विम्याच्या 1948 च्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले, आणि त्या यादीत जिनिंग, प्रेसिंग, साखर हीच नावे होती. म्हणजे दरसाल हमखास बेकार होणाऱ्यालाच विमा नाही! भरपाईचे म्हणाल तर पंजाबातील मोरिंडा साखर कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली ठरविले की हंगाम संपल्याने काम थांबणे ही कपात नव्हे. मात्र त्याच निकालात कारखान्याला हंगामी कामगारांची नोंदवही ठेवण्यास आणि पुढील हंगामात ज्येष्ठतेप्रमाणे त्यांना बोलावण्यास सांगितले. त्या वहीत आपले नाव आहे की नाही, हे गाळप बंद होण्यापूर्वी पाहून घ्यावे.