शेंगा, बोंडे आणि कबुतरे

आमच्या हिंगोलीत कढईत सोडतात ते भजे; भजी पुण्याकडे तळतात. मुंबईचा बटाटेवडा इथे येईपर्यंत आलूबोंडा झालेला असतो. बँकेतल्या बदल्यांमुळे या शब्दांशी माझी चांगलीच गाठ पडली. मी मुरमुरे मागितले की कोल्हापूरकडचा दुकानदार चुरमुरे पुढे करायचा, मुंबईचा कुरमुरे. माल तोच, तांदळाचा. आवाज ज्याच्या त्याच्या दाताखालचा.

पुण्यात स्पॅनिश शिकणारी माझी नात दिवाळीत आली होती. फराळाच्या ताटाशी बसून तिने मला मक्याच्या लाह्यांची गोष्ट सांगितली. स्पेनमध्ये त्यांना ‘पालोमितास’ म्हणतात, म्हणजे चिमुकली कबुतरे. चिलीत त्याच लाह्यांची ‘काब्रितास’, म्हणजे करडे होतात. कोलंबियात ‘क्रिस्पेतास’, अर्जेंटिनात ‘पोचोक्लो’. भाषा एक आणि लाही फुटली की नावे चार! मला फार बरे वाटले. मुरमुऱ्यांवरून हुज्जत घालणारे जगात आपणच नाही तर.

पेयाबरोबर तोंडात टाकायला जे देतात त्याला तिकडे ‘तापा’ म्हणतात. तापा म्हणजे झाकण. पूर्वी पेल्यावर पावाची चकती झाकण म्हणून ठेवत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. उत्तरेकडच्या बास्क मुलखात पावाच्या तुकड्यावर पदार्थ ठेवून वर काडी खोचतात आणि काही ठिकाणी उरलेल्या काड्या मोजून बिल करतात. जन्मभर व्हाउचरे तपासलेल्या माणसाला ही पद्धत आवडली नाही तरच नवल! आपला ‘नाश्ता’ही काही कमी नाही. फारसीत त्याचा मूळ अर्थ अनशापोटी.

पण खरी गंमत भुईमुगाची. हे पीक मूळचे दक्षिण अमेरिकेतले. मेक्सिकोतल्या आस्तेक लोकांनी या नव्या दाण्याला आपल्या ओळखीच्या कोकोचे नाव दिले आणि मागे जमीन जोडली : ‘त्लालकाकावात्ल’, जमिनीतला कोको. आपल्या पूर्वजांनीही नेमके तेच केले. ओळखीचा मूग घेतला, मागे भुई लावली. एकमेकांचे तोंड न पाहिलेल्या दोन माणसांना एकच युक्ती सुचावी! पुढे स्पॅनिश लोकांनी त्यातली जमीन टाकून दिली, ‘काकावेते’ तेवढे ठेवले. आम्ही तर भुई आणि मूग दोन्ही टाकले. आमच्याकडे नुसते शेंगा म्हटले की गवार कुणाला आठवत नाही.

बटाटाही तसाच हिंडून आला. कॅरिबियन बेटांवर ‘बटाटा’ म्हणजे रताळे. पोर्तुगीजांनी तो शब्द आपल्या किनाऱ्यावर उतरवला आणि तो भलत्याच कंदाला चिकटला. आम्ही १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातले. आमच्या बाजारात आलूच चालला. बोंडा दक्षिणेकडचा, तरी कापसाच्या मुलखात राहणाऱ्याला त्यात कपाशीचे बोंड दिसतेच.

मुरमुऱ्यांचा विषय निघाला तशी सुशीला आठवली. मुरमुरे भिजवून पिळायचे, डाळ्याचे पीठ लावायचे आणि हिरव्या मिरचीच्या, शेंगदाण्याच्या फोडणीत परतायचे. मराठवाड्यातली घरोघरची सकाळ. नात म्हणाली, “आबा, वसतिगृहात मी सुशीला म्हणतच नाही. मुली हसतात, ही कोण बाई म्हणून. मी मुरमुऱ्यांचे पोहे म्हणते.”

मला ते लागले. कबुतरे खाणाऱ्यांची भाषा ही मुलगी फी भरून शिकते आणि आजीच्या हातच्या पदार्थाचे नाव पुण्यात चोरून ठेवते! एकदा ते ‘पोहे’ झाले, की तिची मुले सुशीला नावाचा पदार्थ मागतील कशी? मी एवढेच विचारले, “तुझ्या त्या वर्गात तापासला कुणी झाकणे म्हणते का ग?”

ती हसली. जरा वेळाने स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला. सुशीलेसाठी मुरमुरे किती वेळ भिजवायचे, ते ती आजीला विचारत होती.

“भिजवत कुठे बसतेस? पाण्यातून काढायचे नि लगेच पिळायचे. लगदा होतो.”