असात्म्येंद्रियार्थसंयोग आणि घरातील हिंसा

रोगांच्या त्रिविध हेतूंमध्ये असात्म्येंद्रियार्थसंयोगाची गणना चरकाचार्यांनी केली आहे, हे आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच वाचले. व्यवहारात मात्र या हेतूचा विचार बहुधा रसनेपाशी थांबतो. विरुद्धाशन, अतिलवण, अतिअम्ल, शिळे अन्न यांविषयी आपण रुग्णास बारकाईने विचारतो. त्याने काय पाहिले आणि काय ऐकले, हे क्वचितच विचारतो. वास्तविक सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात भीषण, द्वेष्य व बीभत्स रूपांचे दर्शन हा नेत्रेंद्रियाचा मिथ्यायोग, तर कठोर, धाक घालणारे, अपमानकारक शब्द ऐकणे हा श्रोत्रेंद्रियाचा मिथ्यायोग म्हणून स्पष्ट सांगितला आहे. घरातील मारहाण व शिवीगाळ आणि दूरचित्रवाणी वा मोबाइलच्या पडद्यावरून घरात येणारी हिंसा, या दोहोंचा स्त्रिया व बालकांवरील परिणाम याच सूत्राच्या आधारे अभ्यासावा, असे आमचे मत आहे.

हा विषय आपल्या चिकित्सालयापासून दूरचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित वा पूर्वविवाहित स्त्रियांपैकी सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. म्हणजे सकाळच्या वेळेत अशा वीस रुग्ण स्त्रिया तपासल्या, तर त्यांत अशा चार-पाच असण्याचा संभव आहे. त्या तसे सांगत नाहीत. त्या शिरःशूल, कटिशूल, अनिद्रा, अम्लपित्त, हृद्द्रव, श्वेतप्रदर, अंगमर्द अशी लक्षणे सांगतात. औषधाने आठ दिवस उपशय मिळतो, पुन्हा तीच तक्रार येते. वातशामक चिकित्सा योग्य असूनही व्याधीचा पुनरुद्भव होत असेल, तर हेतूची चौकशी अपुरी राहिली आहे असे समजावे. शोक आणि भय यांपासून होणारा ज्वर व अतिसार चरकांनी स्वतंत्रपणे वर्णिला आहे. अग्र्यसंग्रहात रोग वाढवणाऱ्या भावांमध्ये विषादास, तर गर्भधारणेस साहाय्यक भावांमध्ये सौमनस्यास श्रेष्ठ म्हटले आहे. गर्भिणीची परिचर्या लिहून देताना तिच्या घरातील वातावरणाची विचारपूस न करणे, हे या सूत्राशी विसंगतच होय.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आम्हांस आवश्यक वाटते. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी खरी. परंतु येथे निदान म्हणजे दुसऱ्या व्यक्तीचे वर्तन आहे, आणि ते टाळणे त्या स्त्रीच्या हाती नाही. अशा वेळी सत्त्वावजयाच्या नावाखाली ‘थोडे सहन करा, मन शांत ठेवा, सर्व ठीक होईल’ असा उपदेश केला जातो. धैर्याचा हा अर्थ शास्त्रास अभिप्रेत नसावा. अहितकारक अर्थांपासून मनाचा निग्रह करणे म्हणजे अहितकारक परिस्थितीतच राहण्याची सवय लावणे नव्हे. अश्वगंधा, ब्राह्मी, जटामांसी यांचा उपयोग आहेच. पण हेतू अबाधित ठेवून केवळ मेध्य द्रव्ये देत राहिल्याने तिला व आपल्याला दोघांनाही उपचार चालू असल्याचे समाधान मात्र मिळते.

रत्नागिरी जिल्ह्याची एक विशेष परिस्थिती ध्यानात घ्यावी. २०११च्या जनगणनेनुसार येथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष नोकरीसाठी मुंबईस, स्त्री सासरच्या घरी, अशी कुटुंबे वाडीवाडीत आहेत. चाकरमानी गणपतीला, शिमग्याला किंवा मे महिन्यात येतो. त्यामुळे येथील हिंसा नेहमीच मारहाणीच्या रूपाने दिसत नाही. पैसे न पाठवणे, हाती खर्चाला काही न ठेवणे, माहेरी जाऊ न देणे, फोनवरून संशय घेणे ही रूपेही असतात. २६ ऑक्टोबर २००६पासून अमलात आलेल्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ या कायद्याने शारीरिक व लैंगिक छळाबरोबर शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळासही हिंसाच मानले आहे. अंगावर व्रण नाही म्हणून प्रश्न विचारण्याचे कारण नाही, असे यापुढे म्हणता येणार नाही.

विचारावे कसे? सोबत सासू वा पती असताना कदापि विचारू नये. छोट्या गावात बाकावर बसलेली व्यक्ती भावकीतली असते, हे विसरू नये. उदरपरीक्षणाच्या निमित्ताने पडद्याआड, स्त्री-परिचारिकेच्या उपस्थितीत, सरळ शब्दांत विचारता येते. ती नाही म्हणाली तर आग्रह नको. पुढच्या वेळी ती आपणहून बोलू शकते.

बालकांच्या बाबतीत आपले शास्त्र अधिकच स्पष्ट आहे. मूल रडते वा जेवत नाही म्हणून त्यास राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिववू नये, असे शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. ज्याला बोलता येत नाही अशा बालकाची वेदना चेष्टांवरून ओळखण्यासाठी काश्यपसंहितेत स्वतंत्र वेदनाध्याय आहे. मारले न गेलेले, परंतु आईला मार खाताना पाहिलेले मूलही रुग्णच होय. पूर्वी थांबलेले शय्यामूत्र पुन्हा सुरू होणे, झोपेत दचकून उठणे, शाळेच्या वेळीच पोटात दुखणे, अकारण मारकुटेपणा किंवा अतिशांतपणा ही त्याची लक्षणे असू शकतात. शय्यामूत्रासाठी औषध मागणाऱ्या पालकांस कृमींबद्दल आपण नेहमी विचारतो. घरात भांडणे होतात का, हेही विचारावे.

पडद्यावरील हिंसेविषयी अतिशयोक्ती नको, तशीच उपेक्षाही नको. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ व १९६३ साली केलेल्या प्रयोगांत, प्रौढ व्यक्तीस बाहुलीला बडवताना प्रत्यक्ष वा चित्रपटात पाहिलेली बालके नंतर तसेच वागताना आढळली. चित्रपट पाहून प्रत्येक मूल गुंड होत नाही, हे उघड आहे. तथापि जे मूल घरातही तेच पाहते, त्याच्यासाठी पडद्यावरचे दृश्य ही करमणूक न राहता घरातील वर्तनाचे समर्थन होऊन बसते. मालिकांतून सुनेचा छळ रोज रात्री जेवणाच्या वेळी माजघरात दाखवला जातो, तेव्हा ती सून व तिचे मूल दोघेही ताटावर बसलेले असतात. तन्मना भुञ्जीत सांगणाऱ्या आपण वैद्यांनी जेवताना दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवण्याची सूचना पथ्यपत्रकात लिहावी. ती निर्धोक आहे आणि सासूसमोरही देता येते.

औषधविक्रेत्यांचा अनुभव निराळा असतो. ‘नवऱ्याला न कळता जेवणातून देता येईल असे दारू सोडवण्याचे औषध द्या,’ ही मागणी प्रत्येक दुकानदाराने ऐकलेली आहे. रुग्णाच्या संमतीवाचून दिलेले औषध गैर तर आहेच. शिवाय अशा बेनामी पुड्यांत डायसल्फिरामसारखे द्रव्य असल्यास त्यावर मद्यपान झाले की जिवावर बेतू शकते, आणि पती संतापला तर त्याचे परिणाम तीच भोगते. पुडी देऊ नये, पण तिला रिकाम्या हातीही पाठवू नये. ही मागणी करणारी स्त्री पुष्कळदा आपल्या घरातील हिंसेचीच पहिली वाच्यता करत असते. व्यसनमुक्तीच्या उपचारासाठी शासकीय रुग्णालयाचा मार्ग सांगावा आणि १८१ या महिला मदतवाहिनीचा क्रमांक औषधाच्या पाकिटावर नव्हे, तोंडी सांगावा, कारण पाकीट घरी वाचले जाते.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महानगरपालिका व सेहत या संस्थेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. पीडित स्त्री पोलिसांकडे जाण्यापूर्वी जखम बांधण्यास रुग्णालयात येते, या साध्या निरीक्षणावर ते उभे राहिले. खेड्यात ती आपल्याकडे येते. उपरोक्त कायद्याच्या चौथ्या कलमानुसार हिंसा झाली वा होण्याचा संभव आहे असे मानण्यास कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्यास माहिती देऊ शकते, आणि सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत तिची इच्छा प्रथम विचारावी. बालकावरील लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत मात्र असा विकल्प नाही: २०१२च्या पोक्सो कायद्याच्या १९व्या कलमान्वये पोलिसांस कळवणे बंधनकारक आहे, न कळवल्यास २१व्या कलमाखाली शिक्षा आहे.

रुग्णपत्रिकेवर जखमेचे स्थान, आकार, वर्ण, दिनांक आणि तिने सांगितलेले कारण तिच्याच शब्दांत नोंदवावे. ‘पडून मार लागला’ असे ती म्हणाली आणि व्रण तसा दिसत नसेल, तर दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहाव्यात. पत्रिकेची प्रत घरी न देता चिकित्सालयातच जपून ठेवावी. दोन वर्षांनी न्यायालयात तिच्याजवळ दुसरा पुरावा नसतो.