चकली पाठवा, सोऱ्या नको!

दिवाळीत हॉस्टेलवर घरून फराळाचा डबा येतो. त्यात चकली असते, पण चकली पाडायचा सोऱ्या कुणी पाठवतं का? त्याचं काम घरीच संपलेलं असतं. डब्यात कच्चे पापड असतील तर मात्र रूमवर ते भाजायची काहीतरी सोय लागतेच.

सॉफ्टवेअर पॅकेज करताना नेमका हाच हिशेब असतो. कंपायलर, टेस्टिंगची टूल्स वगैरे फक्त बनवताना लागतात, त्या ‘बिल्ड-टाइम डिपेन्डन्सी’. प्रोग्राम चालताना ज्या लायब्ररी हाताशी हव्यात, त्या ‘रनटाइम डिपेन्डन्सी’.

हा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकतो. ‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!’ हे वाक्य प्रत्येक प्रोजेक्ट डेमोला ऐकू येतं. तुमच्या लॅपटॉपवर सगळं आधीच इन्स्टॉल असतं, म्हणून यादीत राहून गेलेली लायब्ररी लक्षातच येत नाही. मग ‘असू दे सगळंच’ म्हणत अख्खं सामान पॅक केलं, तर साइज फुगते आणि धोकाही वाढतो.

अर्ध्या सेकंदाने वाचवलं

धोका कसला? २०२४ मधलं ‘एक्सझेड’ प्रकरण बघा. फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांमध्ये कुणीतरी चोरदरवाजा घुसवला होता. तो उघड्या सोर्स कोडमध्ये सरळ दिसत नव्हता. बिल्ड होताना चालणारी स्क्रिप्ट तो टेस्ट फाइल्समधून बाहेर काढून लायब्ररीत मिसळत होती.

त्याचा रोख होता ‘ओपनएसएसएच’वर, म्हणजे सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या प्रोग्रामवर. गंमत म्हणजे ओपनएसएसएचला एक्सझेडची गरजच नव्हती. काही लिनक्सवाल्यांनी ‘मी सुरू झालो’ एवढा निरोप ‘सिस्टमडी’ला देण्यासाठी त्याला एक लायब्ररी जोडली होती. तिच्या शेपटाला धरून एक्सझेड आत आलं.

लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनीअरला खटकलं. त्याने मूळ शोधलं आणि २९ मार्चला सगळं जाहीर केलं. पुढे ओपनएसएसएचने ९.८ आवृत्तीत तो निरोप द्यायचा कोड स्वतःच लिहिला. मधली लायब्ररी लागेनाशी झाली.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये काय कराल?

• नोडमध्ये ‘डिपेन्डन्सीज’ आणि ‘डेव्हडिपेन्डन्सीज’ अशा दोन याद्या असतात. टेस्टिंगची टूल्स दुसरीत टाका.

• डॉकर वापरत असाल तर ‘मल्टी-स्टेज बिल्ड’ करा. एका इमेजमध्ये बनवा आणि तयार माल तेवढा दुसरीत न्या.

• नवी लायब्ररी घेताना विचारा, ही कधी लागणार? आणि येताना सोबत कुणाला आणणार?

• सबमिशनच्या आदल्या दिवशी प्रोजेक्ट एकदा कोऱ्या मशिनवर चालवा. काय राहिलंय ते एरर मेसेज नावानिशी सांगेल!