दोन दिवसांचे पीटर्सबर्ग

समुद्रमार्गे देशोदेशींची नगरे पाहत हिंडणारी मोठी प्रवासी जहाजे हा आधुनिक पर्यटनाचा एक आगळा प्रकार होय. येथे जहाज हेच प्रवाशाचे वाहन, हेच त्याचे घर आणि हेच त्याचे भोजनगृह. रात्रभर जहाजाने मार्ग आक्रमावा, पहाटे नव्या बंदराच्या धक्क्याला लागावे, उतारूंनी दिवसभर नगर पाहावे आणि सायंकाळी पुन्हा आपापल्या खोलीत परतावे, असा त्याचा क्रम असतो. उतारूंना नगर दाखवून वेळेवर परत आणून पोचविणारी ही फेरी म्हणजेच किनाऱ्यावरील सहल. अवघ्या काही तासांत एखादे नगर पाहून होते काय, आणि होत असेल तर ते कशामुळे, असा प्रश्न कोणाच्याही मनात सहज येतो. रशियातील सेंट पीटर्सबर्ग या नगराच्या उदाहरणाने आपण त्याचा विचार करू.

बाल्टिक समुद्रातून फिरणारी जहाजे स्टॉकहोम, हेलसिंकी, टॅलिन अशा नगरांत बहुधा एकेक दिवसच थांबत. पीटर्सबर्गला मात्र त्यांचा मुक्काम दोन दिवस, क्वचित तीन दिवसही असे. वासिलियेव्स्की बेटाच्या पश्चिम टोकाला समुद्रात भराव घालून केवळ प्रवासी जहाजांसाठी एक बंदर बांधण्यात आले आणि २००८ साली तेथे पहिली जहाजे लागली. पुढील वर्षी, म्हणजे २००९ साली, रशियन सरकारने एक सोयीचा नियम केला. जहाजाने आलेल्या परदेशी प्रवाशाला व्हिसावाचून ७२ तासांपर्यंत राहता येईल. मात्र मान्यताप्राप्त संस्थेच्या सहलीत नाव नोंदवूनच त्याने नगरात हिंडले पाहिजे. स्वतंत्रपणे भटकण्याची इच्छा असेल त्याने आधी रीतसर व्हिसा काढावा. अशा रीतीने येथील मार्गदर्शक ही केवळ सोय न राहता एक अटच होऊन बसली. २०२० साली महामारीमुळे हा ओघ थांबला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर परदेशी कंपन्यांच्या बड्या जहाजांनी हे बंदर आपल्या मार्गांतून वगळले. येथे वर्णिलेला सहलीचा क्रम त्यापूर्वीचा आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

सकाळी उतारूंची रांग पारपत्र तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे उभी राही. सहलीचे पत्र आणि पारपत्र दाखवून, शिक्का घेऊन मंडळी बाहेर पडली की मार्गदर्शिका क्रमांकाची पाटी उंच धरून वाट पाहत असे. प्रत्येकाच्या छातीवर तोच क्रमांक चिकटवला जाई आणि कानात लावावयाचे एक लहानसे यंत्र हाती दिले जाई. त्यामुळे गर्दीतही तिचा आवाज प्रत्येकाला स्पष्ट ऐकू येई. इतके झाले की मोटार सुटे. या क्षणापासून घड्याळ हाच सहलीचा खरा सेनापती. कोठे पंधरा मिनिटे थांबावयाचे आणि कोठे दोन तास, हे सारे आधीच ठरलेले असे.

मोटार जो भाग ओलांडून जात असे, तो मुळात दलदलीचा प्रदेश. लाडोगा सरोवरातून निघून फिनलंडच्या आखातास मिळणारी नेवा नदी अवघी ७४ किलोमीटर लांबीची आहे. परंतु मुखापाशी तिला फाटे फुटून अनेक बेटे निर्माण झाली आहेत. स्वीडनशी युद्ध चालू असतानाच पीटर द ग्रेट याने १७०३ साली येथे एका किल्ल्याचा पाया घातला आणि पुढे आपली राजधानी मॉस्कोहून येथे आणली. आसपास दगड नव्हता. तेव्हा १७१४ साली त्याने रशियात इतरत्र दगडी बांधकामास मनाई केली, आणि या नगरात येणाऱ्या प्रत्येक गाडीने व नावेने ठराविक दगड आणलेच पाहिजेत, असा हुकूम काढला. पुढील काळातील पाहुण्यांना सहलीचे पत्र दाखवावे लागे. त्या काळच्या नावाड्यांना दगड दाखवावे लागत! परंतु नगर उभारणारे हात वेठीला धरून आणलेल्या सामान्य माणसांचे होते, आणि थंडी, रोगराई व उपासमार यांमुळे त्यांतील हजारो मृत्युमुखी पडले. १९१४ साली या नगराचे नाव पेट्रोग्राड झाले, १९२४ साली लेनिनग्राड, आणि १९९१ साली ते पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झाले.

नेवेच्या काठावर विज्ञान अकादमीची जुनी इमारत लागते. पर्यटकांची मोटार तिच्यापुढे क्वचितच थांबे. परंतु भारतीय वाचकाने येथे क्षणभर मनाने थांबावे. बोटलिंग्क आणि रोट या दोन पंडितांनी रचलेला संस्कृत–जर्मन महाकोश याच अकादमीने १८५५ ते १८७५ या काळात सात खंडांत प्रसिद्ध केला. संस्कृतचे अभ्यासक आजही त्याला ‘पीटर्सबर्ग कोश’ म्हणूनच ओळखतात. आपल्या भाषांची जननी मानल्या गेलेल्या संस्कृतचा एवढा मोठा कोश बर्फाळ उत्तरेत छापला जावा, हे नवल नव्हे काय?

नदीपलीकडे पीटर आणि पॉल यांच्या नावाचा किल्ला आहे. त्यातील प्रार्थनामंदिराचा सुईसारखा सोनेरी कळस १२२ मीटरांहून अधिक उंच आहे. आत पीटरपासूनच्या बहुतेक सर्व सम्राटांच्या समाध्या आहेत. शेवटचा झार दुसरा निकोलस याचे अवशेष मात्र १९९८ साली, त्याच्या वधानंतर ८० वर्षांनी, येथे विसावले. किल्ल्यावरून रोज दुपारी बारा वाजता तोफ उडते. तोफेचा आवाज ऐकून नवखा पाहुणा दचके, तर नगरवासी शांतपणे आपले घड्याळ लावी.

यानंतर सेंट आयझॅक चौक येई. तेथील भव्य प्रार्थनामंदिर मोंफेरां या फ्रेंच स्थपतीच्या योजनेनुसार १८१८ ते १८५८ अशी चाळीस वर्षे बांधले जात होते. त्याच्या घुमटावर सोन्याचा मुलामा आहे. प्रवासी त्याची छायाचित्रे घेत आणि पुढे निघत. याच चौकात वनस्पतिशास्त्राची एक संस्था आहे. तिच्याकडे सहसा कोणी वळून पाहत नसे. या नगराची खरी कथा त्या इमारतीपासून सुरू होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा घातला आणि तो २७ जानेवारी १९४४ पर्यंत, म्हणजे ८७२ दिवस, टिकला. निदान सहा लाख नागरिक मृत्यू पावले; अनेक अभ्यासकांचे अंदाज याहूनही मोठे आहेत. बहुसंख्य माणसे तोफगोळ्यांनी नव्हे, तर भुकेने मेली. १९४१ च्या नोव्हेंबर–डिसेंबरमध्ये कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम पाव मिळे. मुलांना, वृद्धांना आणि कचेरीतील नोकरांना केवळ १२५ ग्रॅम. त्या पावातही खऱ्या पिठाबरोबर पेंड आणि कोंडा मिसळलेला असे. लाडोगा सरोवर गोठल्यावर बर्फावरून मालमोटारी धान्य आणू लागल्या, तेव्हा कोठे नगराला थोडा श्वास घेता आला.

वर उल्लेखिलेल्या संस्थेत निकोलाय वाविलोव्ह या थोर शास्त्रज्ञाने जगभर फिरून जमविलेला बियाण्यांचा संग्रह होता. आपण लावतो ती पिके मुळात जगाच्या काही मोजक्या प्रदेशांत उदयास आली, असे त्याने प्रतिपादन केले होते, आणि त्या प्रदेशांत भारताचीही गणना केली होती. वेढ्याच्या काळात त्याचे सहकारी या धान्याच्या राशींमध्ये बसून उपाशी राहिले. भाताच्या वाणांचा रक्षक इव्हानोव्ह भुकेने गेला, तेव्हा त्याच्या खोलीत तांदळाच्या हजारो पुड्या जशाच्या तशा होत्या. भुईमुगाचा अभ्यासक श्चुकिन आपल्या मेजापाशीच कोसळला. हे बियाणे पुढील पिढ्यांचे आहे, आपले नव्हे, ही त्यांची निष्ठा होती. आणि दैवाचा खेळ असा, की स्वतः वाविलोव्ह त्या वेळी आपल्याच सरकारच्या कैदेत होता. २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोव्हच्या तुरुंगात त्याचा अंत झाला.

ही हकीकत ठाऊक असली म्हणजे तोच चौक निराळा दिसू लागतो. शत्रूच्या विमानांना खूण पटू नये म्हणून आयझॅकच्या सोनेरी घुमटाला त्या काळी करडा रंग फासला होता. तेथील खांबांवर तोफगोळ्यांच्या तुकड्यांचे व्रण आजही दिसतात. दुपारच्या भोजनात बीटच्या सूपाबरोबर राईचा काळा पाव वाढला जाई. तो पाव ताटात उष्टा टाकणारा पाहुणा दोषी नव्हे, परंतु अजाण खास होता. ‘सांडलेल्या रक्तावरील’ म्हणून ओळखले जाणारे रंगीबेरंगी प्रार्थनामंदिर १८८१ साली दुसऱ्या अलेक्झांडरवर प्राणघातक हल्ला झाला त्या जागी उभारलेले आहे. वेढ्यात तेथे प्रेते ठेवीत, आणि त्याच्या घुमटात अडकलेला एक न फुटलेला तोफगोळा १९६१ साली बाहेर काढला गेला.

दुसऱ्या दिवशी बहुधा पीटरहॉफचा राजवाडा दाखवीत. तेथील कारंज्यांना पंप नाही. सुमारे २० किलोमीटरांवरील उंच भूमीतून कालव्याने आणलेले पाणी केवळ उताराच्या जोरावर आकाशात उसळते. ही योजना १७२१ सालची, यावर सहजी विश्वास बसत नाही. परंतु हा सारा थाट पूर्वीचा तसाच टिकून आहे, असे समजू नये. जर्मनांच्या ताब्यात असताना हा राजवाडा जळून उद्ध्वस्त झाला आणि कारंज्यातील सॅमसनचा सोनेरी पुतळा नाहीसा झाला. १९४६ साली कारंजी पुन्हा उडू लागली, १९४७ साली नवा पुतळा बसला, आणि महाल तर पुढे अनेक वर्षे थोडाथोडा उभारला जात होता. पाहुण्याला जे राजवैभव वाटे, ते पुष्कळ अंशी उपाशी राहिलेल्या पिढीच्या हातांचे काम होते.

सहलीचा मुकुटमणी म्हणजे हर्मिटाज हे वस्तुसंग्रहालय. साम्राज्ञी कॅथेरिन हिने १७६४ साली विकत घेतलेल्या चित्रांपासून त्याचा आरंभ झाला. आज तेथे सुमारे ३० लाख वस्तू आहेत. त्यांतील थोड्याच दालनांत मांडलेल्या असतात. सर्व वस्तू मांडल्या आणि प्रत्येकीपुढे एकच मिनिट, रोज आठ तास उभे राहिले, तर १७ वर्षे लागतील. जहाजावरच्या पाहुण्याला मिळत ते दोन-तीन तास! तेव्हा मार्गदर्शिका निवड करी: लिओनार्दोच्या दोन मातृमूर्ती, रेम्ब्राँचे ‘उधळ्या पुत्राचे पुनरागमन’, आणखी दहा-बारा कृती. बाकीचे सारे पाहावयाचे राहूनच जाई.

मग असे पाहणे व्यर्थ म्हणावे काय? याचे उत्तर याच संग्रहालयाने देऊन ठेवले आहे. १९४१ च्या जुलैत दोन आगगाड्यांतून दहा लाखांहून अधिक वस्तू दूर उरल पर्वतापलीकडील स्व्हेर्दलोव्हस्क येथे सुरक्षित हलविण्यात आल्या. चित्रे गेली; परंतु ती परत येणार या विश्वासाने रिकाम्या चौकटी भिंतींवर तशाच ठेवल्या. १९४२ च्या वसंतात काही तरुण सैनिकांनी दालनांतील बर्फ, काचा आणि मोडतोड उपसून संग्रहालय स्वच्छ केले. त्यांचे आभार कसे मानावेत? पावेल गुबचेव्स्की या तेथील मार्गदर्शकाने त्यांना संग्रहालय ‘दाखविले’. एकेका रिकाम्या चौकटीपुढे उभे राहून तेथे कोणते चित्र होते, त्यात कोण कोठे उभे आहे, उजेड कोठून पडतो, हे त्याने स्मरणातून सांगितले, आणि ते जवान ऐकत राहिले. १९४५ साली चित्रे परतली आणि आपापल्या चौकटींत पुन्हा विराजमान झाली.

या प्रसंगात दाखविणाऱ्याचे खरे कार्य स्पष्ट होते. डोळ्यांसमोर वस्तू असूनही ती न दिसणे आणि वस्तू नसतानाही ती दिसणे, या दोहोंतील अंतर जाणत्या माणसाच्या शब्दाने तुटते. पाटी उंच धरून घाईने चालणारी मार्गदर्शिका घड्याळाची बांधील होती, हे खरे; पण आयझॅकच्या चौकात घुमटाची उंची सांगून झाल्यावर तिने कोपऱ्यावरच्या त्या इमारतीकडे बोट दाखविले असेल, तर तिच्या प्रवाशांना दोन दिवसांत पुष्कळ मिळाले. आणि तिने ते दाखविले नाही, तर विचारण्याचे काम प्रवाशाचे होते.

नगराच्या उत्तर भागात पिस्कार्योव्ह दफनभूमी आहे. तेथे सुमारे पाच लाख माणसे सामुदायिक थडग्यांत विसावली आहेत. त्या थडग्यांवरील शिळांवर नावे नाहीत, फक्त साल कोरलेले आहे. सहलीच्या नित्यक्रमात हे ठिकाण सहसा नसे, कारण वेळ पुरत नसे. आपणही वर्षातून एकदा शाळेच्या सहलीला जातो आणि घाईघाईने चार स्थळे उरकून परततो. पुढच्या वेळी निघण्यापूर्वी एक करावे. जेथे जावयाचे त्या स्थळाविषयी थोडे वाचून जावे आणि तेथे पोचल्यावर जाणत्या माणसाला एक प्रश्न अवश्य विचारावा: जेथे कोणी थांबत नाही, अशी येथील जागा कोणती?