समोर कोण, हे ठरवतं कोण?

अंबरनाथ-बदलापूरच्या आसपासच्या गावांत जत्रेच्या दिवशी कुस्त्यांचा फड भरतो. सुरुवात शाळकरी पोरांपासून होते. मग इनामाची रक्कम चढत जाते आणि दिवस कलताना मोठ्या कुस्त्या लागतात. या फडातली एक गोष्ट नीट पाहण्यासारखी असते. एखादा पैलवान हात वर करून फडाला फेरी मारतो, म्हणजे तो जोड मागत असतो. समोरून दुसरा कुणी उठला की पंच दोघांना शेजारी शेजारी उभं करतात. अंगपिंड पाहतात, वस्तादांना विचारतात, कोण कुठल्या तालमीचा याची चौकशी करतात. जोड विषम वाटली तर पंचांआधी लोकच ओरडतात. कुस्ती लागण्याआधीची ही दोन-चार मिनिटं कुस्तीइतकीच महत्त्वाची असतात.

मित्रहो, आज बोलायचं आहे ते बॉक्सिंगविषयी, तेही पैशासाठी लढल्या जाणाऱ्या व्यावसायिक बॉक्सिंगविषयी. तिथे ही जोड कशी ठरते?

आधी एक फरक ध्यानात घेऊ. शालेय स्पर्धेपासून ऑलिंपिकपर्यंतच्या हौशी बॉक्सिंगमध्ये प्रतिस्पर्धी निवडताच येत नाही. वजनगट ठरलेला असतो, सोडत निघते आणि जो समोर येईल त्याच्याशी लढावं लागतं. विजेंदर सिंगने 2008 साली बीजिंगला कांस्यपदक मिळवलं ते असंच, समोर येईल त्याच्याशी लढून. 2015 मध्ये तो व्यावसायिक झाला आणि सोडत संपली. 5 ऑगस्ट 2017 रोजी मुंबईत वरळीच्या स्टेडियममध्ये चीनचा झुल्पिकार मैमैतियाली त्याच्यासमोर उभा राहिला, तो काही चिठ्ठी निघाली म्हणून नव्हे. दोन्ही बाजूंनी बोलणी करून, करार करून ही लढत ठरवली होती. विजेंदर ती गुणांवर जिंकला.

ही बोलणी करतं कोण? इथे तीन माणसं असतात. मॅनेजर हा बॉक्सरचा माणूस. त्याने बॉक्सरचं हित पाहायचं. प्रमोटर हा कार्यक्रमाचा मालक. तो सभागृह घेतो, तिकिटं विकतो, टीव्हीशी करार करतो. तिसरा मॅचमेकर, म्हणजे आपल्या भाषेत जोड लावणारा. मॅनेजर आणि प्रमोटर एकच झाला तर बॉक्सरच्या बाजूने भांडायला कुणी उरत नाही. म्हणूनच अमेरिकेने 2000 साली महंमद अली यांच्या नावाने कायदा करून या दोघांचे हितसंबंध वेगळे ठेवण्याची तरतूद केली.

होतकरू बॉक्सरसाठी जोड लावणं हे बरंचसं शिकवणीसारखं असतं. पहिल्या लढती चार फेऱ्यांच्या असतात, पुढे सहा, आठ, दहा आणि जागतिक किताबासाठी बारा. प्रत्येक प्रतिस्पर्धी काही शिकवील असा पाहतात. एक डावखुरा, एक उंच, एक ठोसे खाऊनही न पडणारा, एक वयाने उतरलेला पण डाव जाणणारा. चांगला वस्ताद पठ्ठ्याला चढत्या क्रमाने कुस्त्या देतो, तसंच हे. पण यात धंदाही असतो. पराभवाचा रकाना कोरा असलेला बॉक्सर महाग विकला जातो. त्यामुळे शिकवणीच्या नावाखाली नुसत्या सोप्या लढती देऊन आकडा फुगवण्याचा मोह फार मोठा असतो.

मग हरायला येतं कोण? ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमचा पीटर बकली नावाचा बॉक्सर होता. 2008 मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर 300 लढती होत्या. त्यांतल्या 32 जिंकलेल्या, 12 बरोबरीच्या आणि 256 हरलेल्या. पुढे जगज्जेता झालेला नसीम हमीदही उमेदवारीत त्याच्याशी लढला होता. बकली काही कच्चा बॉक्सर नव्हता. ठोसे चुकवणं आणि उभं राहणं ही त्याची विद्या होती. त्याला आडवं करणं फार थोड्यांना जमलं. अशा माणसांवाचून हा धंदा एक दिवस चालणार नाही. तिकिटं घरच्या बॉक्सरच्या नावावर खपतात, म्हणून प्रतिस्पर्ध्याची निवड घरचा कोपरा करतो. पाहुण्या कोपऱ्याला बहुतेक वेळा फक्त हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं.

वरच्या पायरीवर हिशेब उलटा होतो. तिथे प्रश्न असतो कुणाला टाळायचं हा. जो जबर आहे, पण ज्याच्या नावावर तिकिटं खपत नाहीत, त्याच्याशी लढून मिळणार काय? हरलो तर सगळं गेलं आणि जिंकलो तरी गल्ला थोडाच. अमेरिकेचा डावखुरा मार्विन हॅगलर 1973 मध्ये व्यावसायिक झाला. जगज्जेता व्हायला त्याला 1980 उजाडलं. दोन्ही नावं मोठी असली तरी अडतंच. फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाव यांच्या लढतीची बोलणी 2009 मध्ये सुरू झाली, ती रक्ततपासणीच्या अटींवरून फिसकटली. लढत झाली 2 मे 2015 रोजी, तेव्हा एक 38 वर्षांचा होता आणि दुसरा 36 वर्षांचा.

या टाळाटाळीवर उपाय म्हणून जागतिक संघटनांनी क्रमवारी आणि सक्तीचा आव्हानवीर असा नियम ठेवला आहे. ठरावीक मुदतीत विजेत्याने त्याच्याशी लढायचं, नाहीतर पट्टा सोडायचा. पण अशा मोठ्या संघटनाच चार आहेत आणि प्रत्येकीचा पट्टा वेगळा. तेव्हा एक दार बंद झालं तरी दुसरं उघडं असतं.

एवढं निवडूनही निवड फसते, हे या खेळाचं भाग्यच म्हणायचं. फेब्रुवारी 1990 मध्ये टोकियोत माइक टायसनसमोर बस्टर डग्लसला उभं केलं ते टायसन सहज जिंकणार असं समजूनच. डग्लसने त्याला नॉकआउट केलं. जून 2019 मध्ये अँथनी जोशुआचा ठरलेला प्रतिस्पर्धी उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत अडकला, म्हणून ऐनवेळी अँडी रुइझला बोलावलं. त्याने सातव्या फेरीत जोशुआचे पट्टे काढून घेतले. आणि आपल्या शेजारी गोव्यात, मार्च 2021 मध्ये पणजीच्या जहाजावर झालेल्या लढतीत, तोवर अपराजित असलेल्या विजेंदरला रशियाच्या आर्तिश लोप्सानने पाचव्या फेरीत थोपवलं.

हे सगळं आपल्याला कशाला हवं, असं कुणी म्हणेल. उल्हासनगरच्या कॅम्पांतून, अंबरनाथ-बदलापूरच्या नव्या वसाहतींतून आज जागोजागी जिम आहेत आणि काही ठिकाणी बॉक्सिंगची बॅगही टांगलेली दिसते. तिथे घाम गाळणाऱ्या एखाद्या पोराला उद्या कुणी सांगेल, ‘शनिवारी लढत आहे, पैसे मिळतील, येतोस?’ तो पाहुण्या कोपऱ्यातला असेल. त्याला कुणीतरी निवडलेलं असेल, आणि बहुधा तो हरावा म्हणूनच.

तेव्हा घरच्यांनी चार प्रश्न विचारावेत. समोरचा कोण, त्याच्या किती लढती झाल्या? वजन कधी, कुणासमोर होणार? लढतीला परवानगी कुठल्या संस्थेची, आणि रिंगजवळ डॉक्टर व रुग्णवाहिका असेल का? गेल्या वेळी डोक्याला मार बसला असेल, तर पुरेशी विश्रांती झाली का? एखादा प्रश्न टाळला गेला, तर त्या लढतीला जाऊ नये. कुस्तीत विषम जोडीचा पैलवान पाठीवर पडतो, माती झटकून उठतो. बॉक्सिंगमध्ये मार डोक्यावर बसतो, आणि तो झटकून टाकता येत नाही.

बॉक्सर प्रतिस्पर्धी कसा निवडतो, याचं प्रामाणिक उत्तर असं, की बहुतेक बॉक्सर निवडत नाहीत, ते निवडले जातात. गावच्या फडात जोड हजार डोळ्यांसमोर ठरते. इथे ती फोनवर, बंद खोलीत ठरते. म्हणून जोड बरी की वाईट हे पाहायचं असेल, तर जिंकणाऱ्याकडे पाहू नये. ज्याची बाजू पडती आहे, त्याला नाही म्हणायची मुभा होती का, एवढंच विचारावं.