अपराधभाव आणि आलोचना : आईचे अंतर्द्वंद्व ऐकताना

पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन चालू असता गर्भस्थ भगवंतांच्या निश्चलतेचा प्रसंग येतो. आपल्या हालचालीने मातेला पीडा होऊ नये म्हणून गर्भातील जीव स्थिर होतो. त्रिशला माता मात्र आपला गर्भ गेला असे समजून शोकात बुडते. व्याख्यानांत हा विलाप विस्ताराने सांगितला जातो. माता स्वतःच्या पूर्वकर्मांना बोल लावते, मागील जन्मी आपल्या हातून कोणते पाप घडले असेल ते शोधू लागते. वस्तुतः दोष कोणाचाच नव्हता. एका बाजूस करुणा होती, दुसऱ्या बाजूस प्रेम होते, आणि तरीही आईच्या मनात अपराधभाव उभा राहिला. दरवर्षी हा प्रसंग ऐकताना आपण पुत्राची मातृभक्ती लक्षात ठेवतो. आईने स्वतःवर घेतलेल्या त्या दोषाकडे फारसे लक्ष देत नाही.

कोपरखैरणे, वाशी, घणसोली येथे स्थिरावलेल्या आपल्या व्यापारी कुटुंबांत हा विलाप आजही चालतो, फक्त तो मोठ्याने ऐकू येत नाही. मशीद बंदर आणि दाणाबंदरचा घाऊक व्यापार गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत तुर्भ्याच्या बाजार समितीच्या आवारात आला आणि त्यामागोमाग कुटुंबेही खाडी ओलांडून आली. जुन्या माळ्यावर एका बाळाला सांभाळायला चार घरांतल्या बायका असत. सिडकोच्या इमारतीत दार बंद झाले की आई आणि मूल दोघेच उरतात. घरधनी बाजाराच्या वेळेनुसार बाहेर असतो. पुष्कळ घरांत सून शिकलेली आहे. पेढीचे जीएसटीचे विवरणपत्र तीच भरते, मालाची बिले तीच तपासते, आणि त्याच वेळी मूल दुसऱ्या खोलीत मोबाईल पाहत बसलेले असते. काम करताना मुलाचा अपराध, मुलाजवळ बसले की कामाचा अपराध. दोन्हीकडे नावेच टाकले जाते. जमेची बाजू कोरी राहते.

अशी आई कधीतरी समुपदेशकाकडे पोहोचते. पूर्वी ती पोहोचतच नसे. आता पोहोचू लागली आहे, ही चांगली गोष्ट आहे. परंतु समोर बसलेली व्यक्ती आपल्या आचारविचारांशी परिचित असतेच असे नाही, आणि तेथे एक अडचण उद्भवते. तिचा विचार या लेखात करावयाचा आहे, कारण ती दूर करण्याचे काम केवळ तज्ज्ञांचे नाही, आपलेही आहे.

एक साधे उदाहरण घ्यावे. मुलीच्या केसांत उवा झाल्या. डॉक्टरांनी औषध दिले. इतर घरांत हा दहा मिनिटांचा विषय आहे. आपल्या घरांत तो जीवहिंसेचा प्रश्न होतो. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळेत जंताची गोळी दिली जाते, तेव्हाही तसेच. औषध दिले तर हिंसा, न दिले तर मुलाची हेळसांड. ही गोष्ट आई समुपदेशकाला सांगते आणि तो सहज हसून म्हणतो, “अहो, एवढ्याशा गोष्टीचे काय?” त्या क्षणी आई आत मिटते. यापुढे ती मोठी गोष्ट सांगणार नाही. तिच्या प्रश्नाला धर्मात उत्तर नाही असे नाही. तत्त्वार्थसूत्र हिंसेची व्याख्या करताना प्राणघाताआधी प्रमाद ठेवते. आई प्रमादाने वागत नाही, ती सावधपणे एका जीवाचे रक्षण करीत असते. पण हे उत्तर नंतरचे. त्याआधी तिचा प्रश्न क्षुल्लक नाही एवढे ऐकणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

याहून गंभीर बाब विचारांची आहे. बाळंतपणानंतर अनेक मातांच्या मनात नको असलेले, भयंकर विचार अकस्मात येतात: बाळ हातातून पडेल, गॅलरीतून खाली जाईल, आपल्याच हाताने त्याला इजा होईल. मानसशास्त्राला हे विचार परिचित आहेत. ते पुष्कळ जणींना येतात आणि ज्या आईला त्यांचा थरकाप होतो, तिच्यात तो विचार इच्छा म्हणून नव्हे तर भीती म्हणून असतो. परंतु आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते की मन, वचन, काया या तिन्ही योगांनी हिंसा होते. म्हणून आपल्या आईला वाटते, विचार आला म्हणजे पाप घडले. मग ती सामायिक वाढवते, प्रतिक्रमण पुन्हा पुन्हा करते, पाठात एक अक्षर चुकले की पुन्हा आरंभापासून सुरू करते. घरच्यांना वाटते सुनेची धर्मरुची वाढली. खरे तर ती भयाने कासावीस असते. नकळत येऊन धडकणारा विचार आणि रस घेऊन केलेले चिंतन यांतील भेद समुपदेशकाने तिच्या भाषेत सांगितला, तर तिला तो पटतो. “असे विचार करू नका” एवढेच सांगितले, तर तिचा भार वाढतो.

आता थोडे आपल्या आगमांकडे वळू. स्थानांगसूत्राच्या आठव्या स्थानात, ज्याच्यापाशी आलोचना करावी त्या गुरूचे आठ गुण दिले आहेत. त्यांतील तीन येथे विशेष पाहण्यासारखे आहेत. पहिला, अपव्रीडक: आलोचना करणाऱ्याची लाज दूर करणारा. दुसरा, अपरिस्रावी: ऐकलेले कोठेही पाझरू न देणारा. तिसरा, निर्यापक: मोठे प्रायश्चित्त एकदम न लादता, पेलेल अशा भागांत वाटून देणारा. आजच्या समुपदेशनाच्या प्रशिक्षणात जे शिकवतात त्याची ही जुनी नावे म्हणता येतील. दहाव्या स्थानात आलोचनेचे दहा दोषही सांगितले आहेत: केवळ इतरांनी पाहिलेलेच सांगणे, केवळ सूक्ष्म दोष सांगणे, ऐकू येणार नाही असे गोंगाटात सांगणे. आईशी बोलणाऱ्या प्रत्येक तज्ज्ञाने हे जाणून घ्यावे असे वाटते. आई आधी लहान गोष्ट सांगते, की मुलाला मोबाईल दिला, परीक्षेआधी रागावले. मोठी गोष्ट ती जायला उठते तेव्हा, दाराशी, चप्पल घालताना निघते. चांगला समुपदेशक घड्याळ पाहून ती गोष्ट सोडून देत नाही. “पुढच्या वेळी येथूनच सुरुवात करू” असे म्हणून तिला जागा राखून ठेवतो.

समुपदेशन म्हणजे आलोचना नव्हे, हे स्पष्ट केले पाहिजे. आलोचनेत दोष घडलेला असतो. आईच्या बाबतीत पुष्कळदा तो घडलेलाच नसतो. प्रायश्चित्ताने ज्याचे निवारण व्हावे असे काही नसताना ती प्रायश्चित्त मागत राहते. प्रतिक्रमणाला आरंभ असतो आणि समाप्ती असते, क्षमापना झाली की साधक उठून आपल्या कामाला लागतो. अपराधभाव मात्र उठू देत नाही. शास्त्रातील शब्द वापरायचा तर ते आर्तध्यान आहे, धर्मध्यान नव्हे.

पाश्चात्त्य मानसशास्त्रात या द्वंद्वाचा विचार बराच आधी झाला आहे. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात, आईला आपल्याच बाळाचा तिटकारा का येऊ शकतो याची अठरा कारणे दिली होती, आणि ती देताना आईला दोषी ठरवले नव्हते. पुढे त्यांनी परिपूर्ण आईऐवजी पुरेशा चांगल्या आईची कल्पना मांडली. रिचर्ड श्वार्ट्झ यांची अलीकडची पद्धत मनातील वेगवेगळ्या आवाजांना वेगवेगळे बोलू देते. एक आवाज म्हणतो, पेढीवर परत जा. दुसरा म्हणतो, मूल अजून लहान आहे. समुपदेशकाने यांपैकी कोणत्याही बाजूने कौल द्यायचा नसतो. दुसऱ्या आवाजाला काय वाचवायचे आहे, पहिल्याला कशाची भीती आहे, हे आईनेच ऐकावे यासाठी तो वाट करून देतो. आई मुलावर प्रेम करते आणि मुलाला कंटाळलेली आहे, ही दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य असू शकतात; अनेकांत मानणाऱ्या समाजाला हे समजणे इतके अवघड का जावे?

महाराष्ट्रात या कामाची स्वतःची परंपरा आहे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मुंबईतील मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. एलिस यांच्याशी त्यांचा अनेक वर्षे पत्रव्यवहार होता. खेद आणि अपराधभाव यांत एलिस फरक करतात. “माझ्याकडून हे चुकले, पुढे सुधारीन” हा खेद. “मी चुकताच कामा नये होते, म्हणून मी वाईट आई” हा अपराधभाव. सगळा घोटाळा त्या ‘ताच’मधल्या ‘च’चा आहे, आणि तो मराठीत जितका नेमका दाखवता येतो तितका इंग्रजीत येत नसावा. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था, म्हणजेच आय.पी.एच., मराठी माणसाच्या भाषेत हेच काम करीत आली आहे. कोपरखैरण्याहून ठाणे लोकलने जवळ आहे. काही स्टेशने दूर, ओळखीचे कोणी भेटणार नाही अशा ठिकाणी जाणे अनेक घरांना सोयीचे वाटते, आणि त्यात गैर काहीच नाही.

एक प्रश्न मात्र विशेष नाजूक आहे. मूल जन्मतः आजारी असेल, बोलायला उशीर लागत असेल, स्वमग्न असेल, तर आई विचारते: हे माझ्या कोणत्या कर्माचे फळ? घरातील ज्येष्ठही कधी कधी, सहानुभूतीनेच, तसे सुचवतात. कर्मसिद्धांत असे सांगत नाही. प्रत्येक जीव आपले कर्म स्वतः बांधतो आणि स्वतः भोगतो. आईचे कर्म मुलाच्या खात्यात वर्ग होत नाही. जैनेतर समुपदेशक या प्रश्नापुढे गोंधळतो आणि “कर्म वगैरे मानू नका” असे म्हणून बसतो. त्याने तसे म्हणू नये. त्याने विचारावे, “तुमच्या परंपरेत याबद्दल काय सांगतात? कोणा साध्वीजींना विचारता येईल का?” अशा वेळी साध्वीजींचे दोन शब्द समुपदेशकाच्या दहा बैठकींइतके उपयोगी पडू शकतात. उलट, झोप उडालेली, अन्न न जाणारी आई साध्वीजींकडे आली तर त्यांनीही तिला केवळ तप वाढवायला न सांगता डॉक्टरांकडे पाठवावे.

तपाचा विषय निघालाच आहे. चातुर्मासात जाऊबाई अठ्ठाई करतात, नणंदेचे वर्षीतप चालू असते आणि अंगावर पाजणारी आई एकासणेही करू शकत नाही. तिची लाज खरी आहे, तिला हसू नये. पच्चक्खाणाच्या पाठातच आगार ठेवलेले आहेत, समाधी टिकावी म्हणून औषधालाही सवड आहे. ज्यांनी तो पाठ रचला त्यांना दुर्बल शरीराची कल्पना होती, हे घरातील मोठ्यांनी सुनेला स्वतः होऊन सांगितले तर तिला ते मागावे लागत नाही.

बाळंतपणानंतरची उदासीनता हा आजार आहे. १९८७ साली एडिनबर्ग येथे तयार झालेली दहा प्रश्नांची चाचणी आज जगभर वापरली जाते, आणि तिच्यात विनाकारण स्वतःला दोष देण्याविषयीचा प्रश्न आहे. प्रसूतीनंतर तपासणीला गेल्यावर डॉक्टरांना या चाचणीविषयी अवश्य विचारावे. बाळ झोपले तरी आईला झोप येत नसेल, ती असंबद्ध बोलत असेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील, बाळाविषयी विपरीत समजुती बोलत असेल किंवा जीव देण्याची भाषा करीत असेल, तर बैठकीची वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे, आणि तोवर तिला व बाळाला एकटे ठेवू नये. दाखल केले तर मूल तोडतील, ही भीती पुष्कळ घरांना अडवते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ नुसार उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करता येत नाही. मुलाला धोका असेल तरच अपवाद. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २००९ पासून आई व बाळ एकत्र राहू शकतील असा विभाग आहे. हाच कायदा रुग्णाच्या माहितीची गुप्तता राखण्यास बांधील करतो आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण द्यावे असे सांगतो. पेढीचा मेडिक्लेम काढताना ही ओळ पाहून घ्यावी.

व्यापारी माणूस पहिल्याच दिवशी विचारतो, किती बैठकी आणि किती खर्च? विचारायला हरकत नाही, समुपदेशकानेही त्याचा राग मानू नये. पण आकड्याचे उत्तर दोन-तीन भेटींनंतरच देता येते. बहुधा आठवड्यातून एकदा, पाऊण-एक तास, एवढी वेळ धरावी. तेवढा वेळ मूल कोण सांभाळणार हे आधी ठरवावे, नाहीतर आई तेथेही घड्याळाकडे पाहत बसते. बाजाराला सुट्टी असेल तो दिवस सोयीचा. सासरे किंवा पती घरी असतात. घरी परतल्यावर “काय काय सांगितलेस?” असे विचारू नये.

भाषेचाही विचार करावा. शेजाऱ्यांशी मराठी, बिलात इंग्रजी, पण रडताना कच्छी किंवा मारवाडी, असे आपले घर असते. भेट ठरवतानाच समुपदेशकाला कोणती भाषा समजते हे विचारून घ्यावे. लगेच कोणाशी तरी बोलायचे असेल तर केंद्र शासनाची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध आहे, शुल्क नाही, आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते.